बाहेर चहा, आत फेस

कपडे धुण्याच्या मशीनलाही मुहूर्त बरोबर कळतो. एरवी निमूट राबणारं ते मशीन, होणारा जावई पहिल्यांदा घरी येणार त्याच सकाळी फेसाच्या गुळण्या टाकू लागलं आणि बाबांचा एकुलता एक बरा सदरा पोटात घेऊन दार लावून बसलं.

जावई होऊ घातलेल्या ग्रंथपालाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मुलगी बाहेरून परस्पर येणार होती. तोवर बाबा म्हणतील त्याला हो म्हण, त्यांचा होकार मिळाला की मिळवली, असं तिनं बजावलं होतं. त्यानं बेल वाजवली. दारात बनियनवरचे बाबा. "किती उशीर!" म्हणत त्यांनी त्याला दंडाला धरून बुटांसकट थेट न्हाणीघरात नेऊन सोडलं.

ही परीक्षाच, ग्रंथपालानं ताडलं. फाटक्या पानाला चिकटपट्टी लावण्यापलीकडे त्यानं आयुष्यात काही दुरुस्त केलं नव्हतं. तरी बाह्या सारल्या, दिसेल ते बटण दाबलं. मशीननं एक उचकी दिली आणि त्याचे नवे बूट भरून टाकले.

तेवढ्यात पुन्हा बेल. बाहेर बाबांचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. कुणाला तरी बसवलं, चहा दिला, शिक्षण विचारलं, घरी कोणकोण असतं तेही विचारलं. पाहुणाही बिचारा इमानानं सांगत होता. ग्रंथपाल फेसात उभा राहून ऐकत होता. दुसरा उमेदवार? आणि ही आपल्याला बोललीसुद्धा नाही?

जरा वेळानं बाबा आत आले, दार लोटून घेतलं.

"तुम्ही चार घरं फिरता, माणसं ओळखता. बाहेर आमच्या मुलीनं पसंत केलेला बसलाय. गुणी वाटतो हो, पण आल्यापासून एकच धोशा, मशीन कुठंय, मशीन कुठंय. डोक्यानं ठीक असेल ना?"

"तो मेकॅनिक असेल," ग्रंथपाल चाचरत म्हणाला.

"मग तुम्ही कोण?"

"मुलीनं पसंत केलेला."

बाबांनी त्याच्या बुटांकडं पाहिलं, मग स्वतःच्या बनियनकडं. मशीनमधलं काही येत नव्हतं तर बोलला का नाहीत, असं त्यांनी विचारलं. तुम्ही सांगितलंत म्हणून, तो म्हणाला.

"बटणं सगळी दाबलीत?"

"सगळी."

"मीपण सकाळी तेच केलं," बाबा आवाज खाली आणून म्हणाले आणि मशीनखालच्या, फेसानं भरलेल्या बादलीची कडी त्यांनी एका बाजूनं धरली. "उचला, जावईबापू. त्याचा चहा होऊ दे निवांत."