चांगुणाचा ओला फोटो

बस पावण्या. आधी तांब्याभर पाणी पी. सगळं पी, लाजू नको. वर आभाळात ते तोरणासारखं काय हाललंय ते आत्ता विचारू नको. त्याचीच गोष्ट सांगतो, आणि खोटं सांगीन तर माझं जाळं फाटो.

आमच्या हसुरामचे फोटो ओले निघायचे. जुना डब्याएवढा कॅमेरा त्याचा. खटका दाबला की पोटातून फोटो बाहेर यायचा, ताज्या बोंबलासारखा लिबलिबीत, खारं पाणी गळत. हसुरामला त्याचं नवल नाय वाटलं. दर्याकाठचा फोटो ओला नाय तर काय कोरडा निघनार? आणि आमच्या गावाला ओलं काय दिसलं की वाळत घालायची खोड. बायकांनी ते फोटो नेले आणि बोंबील सुकवायच्या वलांडीवर, बोंबलांच्याच ओळीत, दोन-दोन करून टांगले.

फोटो वाळले, तशी माणसं वाळली.

पहिली हिरूबाय. मासळीची पाटी उचलायला वाकली, तर पाटी जागची हलली नाय. हिरूबायच हातभर वर गेली.

"काय गो हिरू, उपास धरलास काय?" बायका हसल्या. चार दिवसांनी त्यापण पाटीला धरून लोंबकळत होत्या.

हसुरामनं तवर सगळं गाव काढलं होतं. जाळी विणनारे, शिमग्याला नाचनारे, हळद लागलेली नवरी, भांडनारी जावा-जावांची जोडी. वाळलेली माणसं मजेत होती. गुडघे दुखंनात, भूक कमी झाली, होड्या पान्यावर पिसासारख्या पळायला लागल्या. फक्त त्यांना घाम येईना, रडू येईना, थुंकी सुटंना. खिशात दगड घालून चालायची.

हसुरामनं एकदा उलटं करून बघितलं. गोमाजीचा वाळका फोटो बादलीत बुडवला. फोटोचा लगदा झाला. गोमाजीची चप्पल अजून त्याच्या ओट्यावर हाय, आत दगड ठेवलेली. आम्ही ती हलवत नाय.

त्या दिवशी हसुरामनं कॅमेरा तांदळाच्या पिपात पुरला. ओली माणसं तिघंच उरली होती. एक तो, एक मी, मी तवा इंजिन दुरुस्तीला शहरात गेलो होतो म्हणून. आणि एक त्याची बायको चांगुणा.

चांगुणा मासळी विकनारी. आवाज खाडीपल्याड जायचा.

"अवो फोटोवाले, गावातली कुत्रीपण झाली काढून. माझा नंबर कधी?"

"रीळ संपलंय."

"माझ्याच टायमाला संपतं?"

हसुराम तांदळाचं पीप अजून आत सरकवायचा. त्याला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघं सोडलो तर अख्ख्या गावात आता चालण्याचा आवाज एकटीचाच यायचा, चांगुणाचा. धप, धप, धप. दुपारी तो आवाज घरात फिरायचा, तवा कुठं त्याचा डोळा लागायचा. तो आवाज गेला असता तर त्यानं करायचं काय?

पण चांगुणाला कोन जवळ बसू देईना. "सरक गो," बायका म्हनायच्या, "तुझ्या घामानं ओल येते आम्हाला." ती एकटीच एका कडेला बसून कोळंबी सोलायची.

मग चैतात देवीची पालखी निघाली. भर सकाळी, किनाऱ्यानं, ढोल-सनई लावून. अर्धी वाट बरी गेली. मग दर्यावरून वारा आला. आधी भोयांचे पाय वाळूवरून सुटले. मग पालखी उचलली गेली. तिच्या दांड्याला गाव लोंबकळलं, एकाचा पाय दुसऱ्याच्या हातात, अशी ही लांब माळ. ढोलवाला वर जाता जाता वाजवतच होता.

बाईमानसानं पालखीच्या दांड्याला हात लावायचा नाय, ही आमची रीत. चांगुणानं पदर खोचला, उडी मारली आणि दांडा धरला. पालखी थांबली. तिचे पाय घोट्यापर्यंत वाळूत गेले.

"सोडू नको गो चांगुणा!" वरून हिरूबाय ओरडली.

"आता आठवली होय चांगुणा?" ती म्हनाली. मग नवऱ्याकडं वळली. "पीप उघडा. सगळं गाव एका जागी हाय, आणि मी मधे हाय. काढा."

"रीळ संपलंय."

"देवी डोक्यावर हाय. तिच्या समोर खोटं बोलता?"

देवीसमोर हसुरामला ते दुसऱ्यांदा म्हनता आलं नाय. घरी जाऊन कॅमेरा आनला. चांगुणा हसली. इतकी चांगली ती लग्नातपन हसली नव्हती. त्यानं खटका दाबला.

फोटो आला. वारा होता, ऊन होतं. हसुरामच्या तळहातावर फोटोचा एक कोपरा पांढरा पडला, आणि चांगुणाची डावी टाच वाळूतून वर आली.

बादली चालत नाय, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं फोटो तोंडात घातला.

टाच खाली टेकली.

आज सातवा दिवस. चांगुणा तिकडं किनाऱ्यावर दांडा धरून उभी हाय. मी तिला भात भरवतो. ती विचारते, "फोटो कसा आलाय?" मी म्हनतो, चांगला आलाय. हसुराम तर तिच्याशी बोलू शकत नाय. पहिले तीन दिवस त्यानं एकट्यानं तोंड मिटून काढले. मग ओठ फाटले, जीभ लाकूड झाली. तवापासून आम्ही पाळी लावलीय, दिवसभर तो, उन्हं कलली की मी. वाळल्या मानसांच्या तोंडात थुंकी नाय, त्यांचा उपयोग नाय.

तो बघ, येतोय. डोळे बघ त्याचे. एवढ्या लवकर येतोय म्हनजे त्याचं तोंड पार सुकलं.

आता पाळी माझी. पन तुला एवढं सांगता सांगता माझ्या तोंडाचीपन राख झाली, पावण्या. तिकडं बघ, टाच उचलली तिची.

तू पानी प्यायलास ना सगळं? तुझा फोटो हसुरामनं कधी काढलेला नाय. चावू नको. गिळू तर नकोच.

आ कर.