शेवटच्या दुपारची प्रार्थना

रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांनी माणसासारखं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या नव्या यंत्राची चांगलीच हजेरी घेतली. देवाने आपल्या प्रतिरूपात घडवला तो माणूस. यंत्राला ना आत्मा, ना पश्चात्ताप, असं त्यांनी मूठ आपटून सांगितलं. मंडळी खूश झाली. त्याच वेळी झग्याच्या खिशातल्या फोनवरून तेच यंत्र साहेबांच्या नावाने आजाऱ्यांना प्रार्थना पाठवत होतं. हे फक्त त्यांना आणि जावयाला ठाऊक होतं.

सोय जावयानेच करून दिली होती. कुणी दुखणं कळवलं, की यंत्राने त्याच्यासाठी लिहिलेली प्रार्थना रोज त्याला आपोआप जायची. सुरुवातीला साहेब प्रत्येक प्रार्थना वाचून मगच जाऊ देत. मग नुसती चाळू लागले. मग तेवढंही राहून गेलं. मंडळी वाढली होती, गुडघे कुरकुरत होते. सबबींना काय तोटा!

आणि आज शिंपीणबाई त्यांचा उसवलेला झगा शिवून घेऊन आल्या. नुकताच त्यांचा नवरा गेला होता. झगा टेबलावर ठेवून त्यांनी फोन पुढे केला.

"साहेब, यांच्या शेवटच्या दुपारी तुम्ही ही पाठवली होतीत. यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि मग डोळे मिटले. रविवारी सगळ्यांपुढे म्हणाल का?"

साहेबांनी ती पहिल्यांदाच वाचली. त्यात नवऱ्याचं नाव होतं, त्याची धाप होती, त्याला भीती वाटू नये असं मागणं होतं. साहेबांना जमली असती त्याहून ती चांगलीच होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'हो' म्हणून वेळ मारून नेता आली असती. शब्द ओठांवर आलाही होता.

"बाई, ही मी लिहिलेली नाही. यंत्राने लिहिली. मी वाचलीसुद्धा नव्हती."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहू दे हो कुणीही. मला तरी कुठे असं लिहिता येतं? पण त्या दुपारी तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना करत होतात ना?"

त्या दुपारी साहेब जेवून आडवे झाले होते.

"नाही."

"मग कोण करत होतं?"

"तुम्ही होतात की," साहेब अजिजीने म्हणाले.

"मी कुठे?" बाई म्हणाल्या. "मी नुसतं आमेन म्हटलं. वाटलं, साहेब मागताहेत, आपण मध्ये कशाला बोलायचं."