सव्वादोनची बांगडी

"वैनी, दादाला तुमचे हात दाखवू नका."

हळदीच्या दिवशी कासारीण मला चुडा भरत होती, तेव्हा माझी होणारी नणंद राही कानाशी येऊन हे म्हणाली. मी हसले. लग्नघरात नणंदा असलंच काहीबाही बोलतात. शिवाय हात तर ह्यांनी आधीच पाहिले होते. मुलगी बघायला आमच्या राहात्याच्या घरी आले तेव्हा, मी बी. ए. झालेय, कोणता विषय घेतला होता, काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बांगडी कोणत्या मापाची लागते?"

"सव्वादोनची," मी म्हणाले. आत जाऊन मैत्रिणींना सांगितलं तर त्या लोळून हसल्या. "अगं, रसिक दिसतोय!"

लग्नानंतर आठवड्याभरात ह्यांनी मला विमान दाखवलं. नगरला सावेडीत आमचं घर, मागे पत्र्याची मोठी शेड, आणि तिच्यात लाकडी घोड्यांवर ठेवलेलं ते धूड. हे हवाई दलात फिटर होते. एक मित्र अमेरिकेला गेला, त्यानं पेट्या भरून सुटे भाग पाठवले. नकाशे बघून घरी जोडायचं विमान. उजवा पंख पुरा झाला होता. डाव्याचा नुसता सांगाडा होता, माशाच्या काट्यासारखा.

"पत्रा बसवायला दोन माणसं लागतात," हे म्हणाले. "मी बाहेरून रिव्हेट ठोकणार. आतून कुणीतरी लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. शेवटचा पत्रा बसला की आत जायला एवढंच भोक राहतं." त्यांनी माझा हात धरून त्या गोल भोकात घातला. गेला. बांगड्यांसकट गेला. त्यांचा चेहरा असा खुलला, की तसा पहिल्या रात्रीही खुलला नव्हता.

उजव्या पंखाला ठोकळा राहीनं धरला होता. खांद्यापर्यंत हात आत घालायचा म्हणजे गाल पत्र्यावर टेकतो. कान पत्र्याला चिकटतो. मग रिव्हेट ठोकायची हवेची बंदूक सुरू. दिवसभर. रस्त्यापलीकडे दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या, त्यासुद्धा ओरडून विचारायच्या, "काय ओ, तुमच्यात बी खडीचंच काम निघालंय का?"

राही नेहमी माझ्या उजव्या बाजूनं चाले. का, ते कळायला मला महिना लागला. तिचा उजवा कान गेला होता. डाव्यानं ती ऐकत होती.

मला लगेच दिवस राहिले आणि हातपाय सुजले. बांगड्या कापून काढाव्या लागल्या. बाळंतपणानंतरही हात पूर्वीसारखे झाले नाहीत. ह्यांनी साबण लावून भोकात घालून पाहिला. अंगठ्यापाशी अडकला. तरी ओढला. साल निघाली.

"फसवणूक झाली," हे सासूबाईंना म्हणाले. "सव्वादोन सांगितलं होतं."

"बाळंतीन हाय ती, रंगनाथ."

"मग राहीला बोलव."

त्याच सुमाराला राहीला संगमनेरचं स्थळ आलं. मुलगा दूध संघात होता. मी तिला जवळ बसवून सांगितलं, "वन्सं, पाहुणे डावीकडे येतील असंच बसा." तिनं मान डोलावली. हे लग्न जमलं तर तिचा डावा कान वाचणार होता, हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

पाहुणे आले. राहीनं पाट भिंतीशी नीट लावून घेतला होता. ह्यांनी उठून तो फिरवला. "इकडं उजेड आहे," म्हणाले. राहीचा उजवा कान पाहुण्यांकडे आला. डावीकडे हे स्वतः बसले आणि अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. कट, कट, कट.

मुलाच्या वडलांनी विचारलं, "नाव काय, पोरी?"

राही खाली मान घालून बसलेली.

"अगं, नाव विचारलं तुझं."

मी आतून पडदा हलवला. तिनं वर पाहिलं आणि मला बघून हसली.

"जरा ताठ्यात असते," हे म्हणाले. "लाडाची आहे."

पाहुणे पोहेही पुरते न खाता उठले. त्यांची जीप वळणावर जायच्या आत हे म्हणाले, "राही, साडी बदल. डावा पंख घेऊ."

मी तेलात कापूस भिजवून तिच्या डाव्या कानात घातला. ह्यांनी बोटानं उपसून फेकला. "रिव्हेट बसली की आवाज बदलतो. ते तिला ऐकू यायला पाहिजे."

"अहो, बहिऱ्या होतील त्या!"

"झाली तर घरातच राहील. आईला सोबत."

पंख भरला. मग पंख आणि धड यांच्यातली फट झाकणारा बाकदार पत्रा बसवायला घेतला, तर तो काही केल्या टेकेना. ह्यांनी पंखावर अंगठा दाबला. पत्रा डबक्कन आत गेला, डबक्कन बाहेर आला. फुगला होता.

"ठोकळा हलवलास तू!"

राही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"सगळ्या रिव्हेटा काढायच्या. पुन्हा पहिल्यापासून." त्यांनी ड्रिल हातात घेतलं. मग कशानं कोण जाणे, माझ्या कडेवरच्या बाळीची मूठ उघडली, त्या गोल भोकाजवळ नेली आणि मोजल्यासारखं पाहिलं. "हिचा हात तुझ्यावर गेलाय," म्हणाले. "मोठी होईपर्यंत असाच राहिला पाहिजे."

मी त्याच दिवशी टांगा आणवला. हे बाजारात पत्रा बघायला गेले होते. सासूबाई ओसरीवर. राही शेडमध्ये पाठमोरी, भोकात हात घालून तुटलेल्या रिव्हेटा वेचत होती. मी दारातून हाक मारली, "वन्सं, चला माझ्याबरोबर." पुन्हा मारली. तिसरी सासूबाईंनी ऐकली आणि काठी टेकत उठल्या. राहीनं ऐकली नाही. मी पोरीला छातीशी धरून टांग्यात चढले.

आता राहात्यात आहे. इथे मी बाळीच्या पाठीमागे दिवसातून दहादा वाटी वाजवते. ती वळते. माझे वडील म्हणतात, सासरच्या घरात पुन्हा पाय टाकायचा नाही, आणि सावेडीला जायला माझ्याबरोबर कुणी तयार नाही.

तुम्ही नगरला जात असाल तर एवढं करा. सावेडीत शिरल्यावर ठोकण्याचा आवाज येईल, त्या दिशेनं चला. काही निमित्त काढा, पाणी मागा. शेडमध्ये एक मुलगी पंखाला कान लावून उभी असेल. तिला समोरून बोलवू नका, ती ओठांवरून ओळखते. पाठीमागे उभे राहा. ठोकणं थांबेपर्यंत थांबा. मग हाक मारा, "राही." वळली तर मला कळवा.

नाही वळली, तरी कळवा.