बंद डबा: ठीक

आमचे हे कॉफी भाजण्याच्या कारखान्यात वास घेतात. चेष्टा नाही, पगारी काम आहे. प्रत्येक पोतं हुंगून ह्यांनी ‘चालेल’ म्हटलं तरच ते बाहेर जातं. तिथे ह्यांना नाकसाहेब म्हणतात. घरी मी काय म्हणते ते जाऊ द्या.

मालकांना गिऱ्हाइकांसाठी पत्रक काढायचं होतं: बिया घरी कशा ठेवल्या तर ताज्या राहतात. झालं! एकाच पोत्यातल्या बिया माझ्या स्वयंपाकघरात चार ठिकाणी बसल्या. काचेची बरणी खिडकीत, पुडी फ्रिजमध्ये, एक डबा गॅसच्या वरच्या फळीवर, आणि घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा अंधाऱ्या कपाटात. मला मीठ ठेवायला जागा नाही.

बरं, स्वतः वास घ्यावा की नाही? दर रविवारी हे पेन्सिल घेऊन बसायचे आणि म्हणायचे, “तू घे. गिऱ्हाईक तुझ्यासारखंच असणार, अडाणी.”

अडाणी! तळपायाची आग मस्तकात गेली. मग मीही तोंडाला येईल ते बोलायची. “फ्रिजमधल्या? परवाच्या मासळीबरोबर आंघोळ केलीय. खिडकीतल्या? कुणीतरी ओली छत्री मिटून ठेवलीय. गॅसवरच्या? तुमच्या आत्याबाईंची ट्रंक.” कपाटातल्या डब्याला नावं ठेवायला काही सापडेना, म्हणून “ठीक आहे” म्हटलं. हे सगळं टिपून घ्यायचे. मला वाटायचं, माझी खोड काढतायत.

एका सकाळी दूध गॅसवर ठेवलं, ह्यांना शेजारी बसवलं आणि दुकानात गेले. दुकानदारानं छापील पत्रक हातात दिलं. “वाचा वहिनी, साहेबांनी काय लिहिलंय! हसून हसून पोट दुखलं.”

वाचलं. परवाची मासळी, ओली छत्री. ट्रंकसुद्धा होती, फक्त आत्याबाई गाळलेल्या. बंद डब्यापुढे एवढंच: ठीक. खाली नाव ह्यांचं.

माझे शब्द ढापून वर मलाच अडाणी म्हणतात! जिना चढता चढता भांडणाची तयारी केली. पण अर्ध्या जिन्यातच करपलेल्या दुधाचा भपकारा आला. दार ढकललं, तर पातेल्यात दूध आटून कोळसा झालेलं, आणि हे तिकडे पाठ करून, हातभर अंतरावर, निवांत वर्तमानपत्र वाचत बसलेले.

मी गॅस बंद केला. भांडण कुठल्या कुठे गेलं.

“कधीपासून?”

ह्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “त्या तापापासून.”

तो ताप जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

“आणि कारखान्यात?”

“रंग बघतो. दातानं फोडून बघतो. बाकी अंदाज.”

“आणि माझ्या जेवणाला रोज छान म्हणता ते?”

“ते आधीपासूनच अंदाजानं.”

एरवी पातेलं फेकून मारलं असतं. पण माणूस इतका कानकोंडा होऊन बसला होता की मला रडूच आलं. मग बाकीचं बाहेर पडलं. मालकांना पत्रक आवडलं, पण ज्या डब्याची शिफारस करायची त्याला नुसतं ‘ठीक’? उद्या सगळ्यांसमोर तो डबा हुंगून नीट वर्णन करायचं होतं. नाही जमलं की बिंग फुटणार, आणि नोकरी जाणार.

मी कपाटातून डबा काढला, झाकण उघडलं.

“सांग,” हे पेन्सिल सरसावून म्हणाले.

मला नावं ठेवता येतात. कौतुकाची सवय नाही. पुन्हा वास घेतला. “लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा कामावरून आलात, शर्ट खुंटीला अडकवलात आणि हातपाय धुवायला गेलात. मी तो शर्ट तोंडावर धरून उभी होते. तो वास. अजून तस्साच आहे.”

पेन्सिल हलली नाही. ती खाली ठेवून म्हणाले, “हे मालकांना कसं सांगू?”

“सांगाल तर बघा!”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सगळ्यांसमोर डबा उघडला, हुंगला, झाकण दाबून लावलं आणि म्हणाले, “ठीक आहे.” एवढंच. मालक म्हणाले म्हणे, बाकीच्यांचा असा पाणउतारा करणारा माणूस ज्याला ठीक म्हणतो, तो डबा भारीच असणार. पत्रक आहे तसंच राहिलं.

आता कारखान्यातल्या पुड्याही रोज घरी येतात, आणि मी नावं ठेवते. कामावरून आल्यावर हे शर्ट मात्र खुंटीला अडकवत नाहीत. माझ्या हातात देतात आणि हातपाय धुवायला जातात, जरा जास्तच वेळ.