नाव घेऊ नये असा कंद

सुरण चिरताना त्याचं नाव घेतलं की तो घशाला खाजतो, हा गोदूबाईंच्या बसवनगुडीतल्या घरातला कायदा होता. त्यांच्या लेकीला, वसुमतीला बघायला आलेल्या उमाकांतला तो कुठून ठाऊक असणार? स्वयंपाकघराच्या दारातून विळीवरच्या फोडी दिसताच तो खुशीत ओरडला, "वा! अमॉर्फोफॅलस कॅम्पॅन्युलेटस!" वनस्पतिशास्त्रज्ञ बिचारा, जीभ आवरेना.

भाजी सपाटून खाजली. गोदूबाईंनी स्थळ मोडलं.

"पण मी सुरण म्हटलंच नाही," उमाकांत काकुळतीला आला. "लॅटिनमध्ये दोन शब्दांचं नाव असतं. आधी कुळाचं, मग स्वतःचं."

"म्हणजे कुळासकट हाक मारलीत! ओ देणारच तो."

वसुमतीला मुलगा मनापासून आवडला होता. शिवाय ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. असल्या कायद्यापुढे मान तुकवणं तिला कुठलं जमायला?

"आई, परीक्षाच घेऊ. आठ रविवार हे येतील. दार लावून मी नाणं उडवीन. छापा पडला तर हे चिरताना नाव कुजबुजतील, काटा पडला तर गप्प. नाव घेतलं की नाही, ते तू भाजी खाऊन सांगायचं. आठही बरोबर आले तर मीच यांना नकार देईन. चारच आले, तर तेवढे नुसतं नाणं उडवूनही बरोबर येतात; मग कायदा खोटा आणि स्थळ पक्कं."

"सरी," गोदूबाईंनी कानडीत होकार दिला.

उमाकांत दर रविवारी आला. डोळ्यांत पाणी येईतो भाजी खाल्ली आणि जाताना गोदूबाईंच्या कुंड्यांतली माती उकरून गेला. पहिले तीन रविवार गोदूबाई बरोबर निघाल्या, तेव्हा वसुमती उरलेल्या पाचांच्या शक्यता कागदावर मांडत बसली. मग त्या चुकू लागल्या. शेवटच्या रविवारी हिशेब झाला: आठात चार.

उमाकांत आईवडिलांना आणायला धावत गेला. वसुमती ताटं उचलत म्हणाली, "ठरला ना कायदा खोटा?"

"खोटा कसला? त्यांची कुजबुज पलीकडच्या घरातल्या लक्ष्मीदेवींनासुद्धा ऐकू जायची."

वसुमतीनं ताट खाली ठेवलं. "म्हणजे तुला आठही ठाऊक होते? मग चार वेळा चुकलीस कशाला?"

"बरोबर सांगितले असते तर नकार दिला असतास ना, हट्टी कुठली! आणि पुन्हा माझ्या कुंड्यांकडे कोण बघणार होतं?"

वसुमतीला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"रडतेस काय? ताक आण स्वल्प. आठ रविवार घसा खाजतोय माझा."