डॉलर कोणाचे?

बँकेच्या ट्रेझरीत, म्हणजे दिवसभर परकीय चलनाची खरेदी-विक्री चालते त्या खोलीत, तिला सगळे ‘ठसका’ म्हणत. ती भाव असा तोडून सांगायची, की समोरच्याला घासाघीस करायचा धीरच होत नसे. हे शिकवलं होतं त्या खोलीच्या प्रमुखांनी, साहेबांनीच. त्यामुळे साहेबांनी त्या सकाळी लिफ्टपाशी बोलावलं, तेव्हा ती निमूट गेली. खोलीतल्या फोनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो. लिफ्टपाशी ती भीती नव्हती.

भाव चढणार या भरवशावर साहेबांनी आदल्या संध्याकाळी बँकेने घालून दिलेल्या मर्यादेबाहेर डॉलर घेऊन ठेवले होते, आणि सकाळी भाव तोंडावर आपटला होता. मशीनवर नाव डेस्कचं, म्हणजे सगळ्या गटाचं पडतं, एका माणसाचं नाही. तेव्हा तिने एवढंच म्हणायचं होतं, की सौदा माझा, विकायचं सोडून चुकून खरेदीचं बटण दाबलं. तिच्यासारख्या सौदे करणाऱ्या डीलरची चूक ताकीद देऊन सुटते, साहेबाची सुटत नाही. बदल्यात परदेशातल्या शाखेची जागा तिची.

“हेच आत येऊन फोनवर सांगा ना, सर,” ती म्हणाली.

साहेब हसले. “पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.”

ती जागेवर परत आली. नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती, घर तिच्या पगारावर चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिने खाली उतरून सासूबाईंना फोन लावला. त्यांचा सगळा जन्म इस्पितळात नर्स म्हणून गेलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“न केलेल्या चुकीची एकदा माफी मागितलीस, की सगळे तुझ्याच दारात चुका आणून टाकतील,” त्या म्हणाल्या. “घराचं आम्ही बघतो. तू जेवून घे आधी.”

दुपारी मर्यादा कोणी ओलांडली हे विचारायला जोखीम विभागाचे अधिकारी वर आले. साहेबांनी तिला तोंड उघडायची संधीच दिली नाही. पोरीचा हात घसरला, कामाचा ताण असतो, सांभाळून घेऊ, असं सगळ्या खोलीदेखत सांगून मोकळे झाले. शेजारचे डीलर पडद्यांत डोकी खुपसून बसले.

ती उठली. “सौदा माझा नाही. मी काल या सौद्याच्या आधीच घरी गेले होते, दारावरच्या कार्डाची नोंद बघा. आणि डॉलर अजून पडून आहेत, भाव उतरतोच आहे. विकायचे असतील तर ज्याचे आहेत त्याने मला फोनवर हुकूम द्यावा. मी विकते.”

साहेब चार पावलांवर बसले होते. ते अधिकाऱ्यांकडे बघत राहिले, अधिकारी फोनकडे. शेवटी साहेबांनी रिसीव्हर उचलला. तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

“विकून टाक,” ते पुटपुटले.

“ऐकू आलं नाही, सर. कोणाचे?”

पडद्यावरचा भाव आणखी एक पायरी उतरला.

“माझे.”

तिने दुसऱ्या बँकेला भाव विचारला, एका दमात सगळे विकले, आणि मगच खुर्चीत टेकली.

साहेब रजेवर गेले, ते पुन्हा त्या खोलीत आले नाहीत. पण तिच्यावर कोणी फुलं उधळली असंही नाही. परदेशची जागा दुसऱ्याला मिळाली. जेवायला तिच्याजवळ बसणारे दोघं जण दुसऱ्या टेबलावर सरकले. महिनाभराने कर्मचारी विभागाने गोड बोलून सुचवलं, की एखाद्या शाखेत जा, जरा बदल होईल.

“जाते की,” ती म्हणाली. “कारण तेवढं लेखी द्या.”

ते कारण अजून आलेलं नाही. ती रोज त्याच खुर्चीत बसते, आणि एकटीच जेवते. पूर्वीपेक्षा जरा निवांत जेवते, असं तिचंच म्हणणं आहे.