नऊची बेरीज

ऑटोवाला दाराशी भोंगा वाजवत होता आणि मी लेकीच्या, ऋताच्या तक्त्याकडे बघत उभी होते. आज वर्गात बोलायला तिने निवडलेली संख्या होती दहा लाख तीन. तक्त्यावर मात्र ठळक, देखण्या अक्षरात होतं : १०,००,५०३.

"आबा, हा पाच कुठून आला?"

माझे सासरे चहा पीत होते. अक्षर सुंदर म्हणून तक्ता त्यांच्याकडे सोपवला, तर ही गत.

"मीच घातला. बेरीज चार येत होती. राहूचा अंक! पोरगी वर्गासमोर बोलणार, आणि चार? आता नऊ येते. म्हणजे मंगळ, आपल्याच गावात जन्मलेला ग्रह. मंगळनाथ पाठीशी राहील."

मागच्या खेपेला ऋता वर्गासमोर उभी राहिली ती एक शब्द न बोलता खाली बसली. तेव्हापासून 'मला नाही जमत' हे पालुपद. ही संख्या मात्र तिने स्वतः शोधली होती. दहा लाखांनंतरची पहिली अभाज्य संख्या, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कुणानेच जिला भाग जात नाही अशी. रोज आरशासमोर बोलायची, मी दाराआडून ऐकायची.

"अहो आबा, आकड्यांची बेरीज नऊ आली की संख्येला नऊने भाग जातो! सगळं मुसळ केरात!"

"भाग गेला तर गेला. त्यात अशुभ काय?"

"ओंकार, अरे तू तरी बोल!"

"चलता है यार," नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला. "एका पाचाने काय होतं?"

धन्य! मी कोरा कागद शोधला, गोंद शोधला. गोंद वाळून दगड झालेला. तेवढ्यात ऋता दप्तर घेऊन आली आणि तक्त्यासमोर थबकली. तिचे ओठ हलायला लागले. संपलं, आता ही शाळेतच जाणार नाही.

पण ती रडत नव्हती. भागाकार करत होती.

"आबा! ही तर कटते! नऊ गुणिले एक लाख अकरा हजार एकशे सदुसष्ट! दहातून एक काढला की नऊ, शंभरातून एक काढला की नव्व्याण्णव, ते सगळे नऊने कटतात. मागे उरते फक्त आकड्यांची बेरीज. तीच तुम्ही नऊ केली! माझी संख्या कुणालाच बधत नव्हती, तिचे तुकडे केलेत तुम्ही!"

एका दमात. कुठे अडखळली नाही. मी गोंदाची बाटली धरून ऐकतच राहिले.

आबा बोटांवर काहीतरी मोजत होते. "त्या एक लाख अकरा हजारवालीची बेरीज... सतरा, म्हणजे आठ. अरे देवा, शनी!"

"आबा, पुरे!" मी म्हणाले. "ऋता, थांब, यावर कागद टाचून देते."

"नको. आधी हीच दाखवीन. सबको पूछूँगी, ये कटेगी क्या? मग माझी." तिने तक्ता उलटा केला, मागे वेड्यावाकड्या आकड्यांत १०,००,००३ लिहिलं आणि पळाली.

"अगं, दुमडू नकोस तो!" मी जिन्यावरून ओरडले. ऐकतंय कोण?

"भैया, कोई भी बड़ी संख्या बोलो, नौ से कटेगी या नहीं मैं बताती हूँ," खालून तिचा आवाज आला.

"पहले बैठो तो बिटिया, देर हो री है."

"बोलो ना!"